वंशावळीत नसलेली आत्या

जुन्या घराण्यांच्या वंशावळी पाहण्याचा आम्हांस छंद आहे. बेळगाव भागात चार-पाच पिढ्या नांदलेल्या मराठी घरांतून अशी एखादी वंशावळ हमखास निघते. कोठे ती बाडात लाल शाईने लिहिलेली असते, कोठे जाड कागदावर वृक्षाच्या आकारात काढून माजघराच्या भिंतीवर लावलेली असते. बुंध्याशी मूळ पुरुष, त्यावर त्याचे पुत्र, मग नातू, पणतू. एखाद्या नावाखाली 'दत्तक' असा शेरा असतो, तर एखाद्या फांदीच्या टोकाशी 'निर्वंश' असे लिहून ती तेथेच थांबवलेली असते. या वृक्षावर मुली सहसा नसतात आणि लहानपणी गेलेली मुले तर कधीच नसतात. ज्या पणजीला नऊ बाळंतपणे झाली असे घरात सांगतात, तिच्या नावापुढे तीनच पुत्र लिहिलेले आढळतात. उरलेली सहा मुले कोठे गेली, हे विचारण्याचा रिवाज नाही.

एवढ्यावरून त्या घरांतून माया कमी होती, असा निष्कर्ष कोणी काढू नये. अगदी लहान मूल गेले तर त्याला दहन नाही. त्याला पुरीत असत. श्राद्धपक्षात पितरांच्या ओळीत त्याचे पान मांडायचे नसते, अशीच बहुतेक घरांची समजूत. छायाचित्र काढणे ही शहरात जाऊन, चांगले कपडे घालून करावयाची गोष्ट. ती लग्नकार्याखेरीज कोण करतो? तिथी नाही, पान नाही, तसबीर नाही, मग आठवण ठेवावयाची ती कशाच्या आधाराने? त्यात गेलेल्या मुलाचे नाव वारंवार घेतले, तर पाठच्या मुलाच्या जिवाला ते बाधते, ही धास्ती निराळीच. दोन-तीन मुले लागोपाठ गेली की पुढच्याचे नाव धोंडू, दगडू किंवा भिकू असे ठेवीत. इतक्या टाकाऊ नावाच्या मुलाचा मृत्यूला मोह पडू नये, हा त्यातील हेतू. वाचकांनी आपापल्या वंशावळी एकदा काढून पाहाव्यात. त्यांत एखादे धोंडोपंत किंवा दगडूअप्पा बहुधा भेटतील. त्यांच्या आधी त्या घरात किती पाळणे रिकामे झाले असतील, याचा अंदाज त्या नावावरून करता येतो.

आमच्या साहित्याने मात्र हे दुःख टाळले नाही. राम गणेश गडकऱ्यांनी 'गोविंदाग्रज' या नावाने लिहिलेली, आपले गेलेले मूल निजले आहे असे मानून बसलेल्या मातेची कविता मागील पिढ्यांतील कितीतरी बायकांना तोंडपाठ होती. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्रही वाचकांना ठाऊक असेल. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि वेळेवर वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो दहा दिवसांत गेला. त्या दहा दिवसांच्या बाळाने त्यांना अमेरिकेपर्यंत नेले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. 1886 साली त्या डॉक्टर झाल्या, आणि पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व रमाबाई यांना आपली चार अपत्ये गमवावी लागली. त्यांतील धाकटा राजरत्न 1926 साली गेला. ही थोरांची दुःखे चरित्रकारांनी नोंदवून ठेवली. सामान्य घरांतील दुःखांना चरित्रकार कोठला?

आमचा व्यवसाय शिक्षकाचा. सरकारी मराठी शाळांच्या जुन्या रजिस्टरांतून हात फिरवण्याचा प्रसंग आम्हांवर अनेकदा येतो. जन्मतारखेच्या दाखल्यासाठी कोणी वृद्ध गृहस्थ येतात आणि त्यांचे नाव शोधता शोधता कडा झिजलेली पिवळी पाने उलटावी लागतात. त्यांत शाळा सोडल्याचे कारण लिहिण्याचा एक रकाना असतो. 'परगावी गेला', 'शेतीकामास लागला', 'सतत गैरहजर' अशा शेऱ्यांच्या मध्येच कोठेतरी 'मयत' एवढा एकच शब्द येतो. इयत्ता पहिली किंवा दुसरी. त्या काळच्या हेडमास्तरांनी तो शब्द इतर शेऱ्यांइतक्याच वळणदार अक्षरात लिहिलेला असतो, आणि पुढच्या ओळीवर नवे नाव सुरू होते. त्या मुलाचा लेखी उल्लेख पुष्कळदा जगात तेवढाच उरलेला असतो.

आमच्या घरातील मुलाला तेवढाही उल्लेख लाभला नाही, कारण ती मुलगी शाळेत जाण्याच्या वयाचीच झाली नाही.

ती आमच्या वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे नात्याने आमची आत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 साली देशभर देवीची मोठी साथ आली होती. त्या साथीत ती चार वर्षांची असताना गेली. वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. घरात तिला 'बाळी' म्हणत. पाळण्यातले नाव निराळे होते. ते आम्ही येथे देत नाही, कारण ते घराचे आहे. आमचे गाव बेळगावपासून बैलगाडीने दोन-अडीच तासांच्या वाटेवर, भातशेतीच्या मुलखात. आजोबा बाजाराच्या दिवशी बेळगावला जात आणि येताना उपरण्याच्या पदरात चिरमुरे बांधून आणीत. बाळी वेशीपर्यंत धावत जाई आणि चिरमुऱ्यांची गाठ स्वतः सोडल्याखेरीज आजोबांना पुढे येऊ देत नसे. तिच्याविषयी वडिलांना स्वच्छ आठवते ते एवढेच. तिचा चेहरा आता आठवत नाही, असे ते म्हणतात.

आम्ही लहान असताना आजी दर बाजाराच्या दिवशी मूठभर चिरमुरे ओट्यावरच्या कोनाड्यात ठेवीत असे. आम्ही भावंडे ते पळवून खात असू आणि आजी कधी रागावत नसे. ते कोणासाठी ठेवलेले असत, हे आम्ही कधी विचारले नाही आणि तिनेही सांगितले नाही. आजीच्या माघारी कित्येक वर्षांनी वडिलांच्या बोलण्यातून आम्हांस त्याचा उलगडा झाला.

देवीचा रोग आजच्या तरुण पिढीने पाहिलेला नाही, आणि ही मोठ्या भाग्याची गोष्ट आहे. आधी दोन-तीन दिवस सडकून ताप, मग अंगभर पुरळ, त्याचे पाणी भरलेले व पुढे पू भरलेले फोड. ज्यांना लस टोचलेली नसे, अशा शंभर रोग्यांपैकी सुमारे तीस दगावत; तान्ह्या मुलांत हे प्रमाण अधिक. जे वाचत त्यांच्या तोंडावर जन्मभराचे वण राहत, कित्येकांची दृष्टी जाई. औषध असे नव्हतेच. घरात देवी आल्या की दाराला कडुनिंबाचे डहाळे बांधीत, फोडणी घालीत नसत, परक्या माणसाला आत घेत नसत. आजारी मुलाला अहोजाहो करून बोलत. त्याच्या अंगात त्या वेळी शीतळादेवी आहे, ही भावना. चार वर्षांच्या बाळीशी तिचे आईबाप आठ दिवस हात जोडून, 'बाई, आपण आता शांत व्हा' अशा भाषेत बोलत होते, हे वडिलांनी ओसरीवरून ऐकले आहे. आपल्या बहिणीला सर्वजण एकाएकी मोठ्या माणसासारखे का बोलवतात, हे त्यांना कळेना. नवव्या दिवशी पहाटे बोलणे थांबले.

आता या हकिगतीतील जो भाग सांगणे अवघड, तो सांगितला पाहिजे.

त्याच घरात, एकाच छताखाली वडीलही राहत होते. त्यांना काहीच झाले नाही. त्यांच्या दंडावर देवी काढल्याची खूण होती. बाळीच्या दंडावर नव्हती. आदल्या वर्षी देवी काढणारा माणूस गावात आला होता. त्या काळची पद्धत कठोर होती. दातेरी हत्यार कातडीवर दाबून फिरवीत. पुढे तेथे फोड येई, तो पिके, दंड सुजे, मुलाला ताप भरे. वडिलांचा दंड असाच पंधरा दिवस सुजला होता आणि ते दिवस ऐन भात कापणीचे होते. आजीने ते सारे सोसले होते. त्यामुळे त्या वर्षी तो माणूस गल्लीत शिरल्याची वर्दी येताच तिने बाळीला माजघरात भाताच्या कणगीमागे बसवले आणि हातात गुळाचा खडा दिला. दारात वडील उभे होते. 'घरात आणखी कोणी मूल आहे काय?' असे त्या माणसाने त्यांनाच विचारले. वडिलांनी आईच्या तोंडाकडे पाहिले आणि 'नाही' म्हणून सांगितले.

आजीला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. परंतु असे करणारी ती एकटी नव्हती. मुले लपवणे हा त्या काळी गावोगावचा प्रकार होता. डोळ्यांना दिसत होता तो सुजलेला दंड. टळलेला रोग कोणाला दिसत नाही. शिवाय त्या वर्षी गावात देवीचा एकही रोगी नव्हता. आईने समोरच्या दुखण्यापासून लेकराला वाचवले, एवढाच तिचा हिशेब.

या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि बेळगावकरांनी ती विसरू नये. टिळकवाडीतील व्हॅक्सिन डेपो आपल्या सर्वांच्या परिचयाचा. सकाळच्या वेळी त्या झाडीत फिरावयास जाणाऱ्यांपैकी कितीजणांना त्या नावाचा अर्थ ठाऊक असेल, ठाऊक नाही असे कितीजण निघतील, हे ज्याचे त्याने पाहावे. ब्रिटिश अमदानीपासून तेथे देवीची लस तयार होत असे. वासरांच्या व रेडकांच्या कातडीवर ती वाढवीत, खरवडून घेत, शुद्ध करीत आणि गावोगाव धाडीत. ही पातळ लस उन्हाने लवकर निकामी होई. पुढे गोठवून वाळवलेली टिकाऊ लस निघाली. देवी-निर्मूलनाच्या मोहिमेसाठी भारतात अशी लस तयार करणाऱ्या चार संस्था होत्या: नैनितालजवळचे पटवाडांगर, मद्रासजवळचे गिंडी, हैदराबाद आणि आपले बेळगाव. आजोबा ज्या शहरातून चिरमुरे घेऊन येत, त्याच शहरात बाळीला वाचवू शकणारी लस तयार होत होती. तेथून ती आमच्या दारापर्यंत आलीही होती. दारापासून कणगीपर्यंतचे दहा पावलांचे अंतर मात्र तिला ओलांडता आले नाही.

हिंदुस्थानात देवीची लस प्रथम ज्या व्यक्तीला लागू पडली, तीही एक लहान मुलगीच होती. एडवर्ड जेन्नरने 1796 साली इंग्लंडात हा शोध लावला. तेथून लस बगदाद, बसरा असा प्रवास करीत, एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर जात मुंबईस पोचली. 14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. तिच्या दंडावरील लस मुंबईतील इतर मुलांना आणि तेथून देशाच्या अन्य भागांत गेली. त्यानंतर पावणेदोनशे वर्षे हे काम चालले. मे 1975 मध्ये भारतातील देवीचा शेवटचा रोगी आसामात आढळला, 1977 साली देश देवीमुक्त असल्याचा निर्वाळा मिळाला आणि मे 1980 मध्ये जगातून हा रोग नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने घोषित केले. माणसाने संपूर्णपणे नाहीसा केलेला माणसांचा असा हा एकच रोग होय.

बाळीनंतर आजीने काय केले, हे गावातील जुनी माणसे सांगत. देवी काढणारा माणूस पुन्हा गावात आला, तेव्हा ती आपण होऊन त्याच्यापुढे गेली आणि आळीतील एकेका घरात शिरून मुले बाहेर आणू लागली. ज्या बाया दार लावून घेत, त्यांच्या दारात ती बसून राही. वाद घालीत नसे, बाळीचे नाव घेत नसे, नुसती बसून राही. तिला पाहून दार उघडे. आम्हांला देवी काढल्या तेव्हा आम्ही तान्हे होतो, आणि आम्हांस मांडीवर घेऊन आजीच बसली होती, असे आईने सांगितले आहे. आमच्या डाव्या दंडावरील खूण अजून स्पष्ट आहे. आमच्या शाळेतील मुलांच्या दंडावर ती नाही. तिची आता गरजच उरलेली नाही.

गेल्या वर्षी आमच्या घराण्याची वंशावळ नव्याने तयार करून छापण्याचे सर्वांच्या विचारे ठरले. या खेपेस मुलींची नावे घालावयाची, हे तरुण मंडळींनी आग्रहाने मांडले व ते सर्वांना पटले. यादी वाचून दाखवली जात असता नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेले आमचे वडील म्हणाले, "माझ्यामागे बाळी लिहा." चार वर्षांच्या मुलीचे नाव लिहावे काय, यावर थोडी चर्चा झाली आणि तेही मान्य झाले. मग त्यांनी आणखी एक वाक्य लिहावयास सांगितले: 'देवीच्या साथीत वारली. देवी काढलेल्या नव्हत्या.'

येथे मात्र मतभेद झाला. असे लिहिणे म्हणजे आजीच्या माथी दोष मारणे होय, असे आमच्या एका चुलतभावाचे म्हणणे पडले, आणि ते अगदीच निराधार नव्हते. ज्या माउलीने आयुष्यभर मनातल्या मनात हे ओझे वाहिले, तिच्या माघारी ते छापून ठेवण्याचा अधिकार नातवंडांना कोठून आला? वडिलांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले. मग कणगीची हकिगत त्यांनी आम्हां सर्वांना प्रथमच सांगितली. "'नाही' मी म्हणालो होतो," ते म्हणाले. "आईचे नाव लिहू नका. पण एवढे वाक्य असू द्या. पुढे कोणी पोर वाचील."

सभा तेथेच थांबली. दोन दिवसांनी तो चुलतभाऊच एक तोड घेऊन आला. वडिलांचे वाक्य जसेच्या तसे ठेवावयाचे, आणि आजीच्या नावाखाली 'पुढे गावातील सर्व मुलांना देवी काढविल्या' असे एक वाक्य जोडावयाचे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. तसेच छापले गेले.

वाचकांपैकी कोणी विचारील, ऐंशी वर्षांपूर्वीचे दुःख आज उकरून काय साधले? त्याचे उत्तर आमच्या मते सरळ आहे. 1971 साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी 129 बालके पहिला वाढदिवस येण्यापूर्वी जात. 2020 साली हा आकडा 28 पर्यंत खाली आला. पोलिओचा भारतातील शेवटचा रोगी जानेवारी 2011 मध्ये आढळला. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात ही नावे आमच्या विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकात भेटतात. आमच्या आज्यांना ती पाळण्याजवळ भेटत. ज्या पिढीने हे रोग पाहिले नाहीत, तिला सुजलेला दंडच दिसणार. लस नको म्हणणारे पालक सुशिक्षित घरांतूनही आम्हांस भेटतात आणि त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांस आजीचीच माया दिसते. त्यांच्यापुढे आकडे मांडून फारसा उपयोग होत नाही, असा आमचा अनुभव आहे. पण त्यांच्याच घराण्यातील चार वर्षांची एक मुलगी त्यांना माहीत असेल, तर ती गोष्ट निराळी.

म्हणून आमची वाचकांना विनंती आहे. आपल्या घरात ऐंशी-नव्वदीचे कोणी वडीलधारे माणूस असेल, तर त्यांच्याजवळ निवांत बसावे आणि 'तुम्ही किती भावंडे?' असे न विचारता, 'तुमच्या आईला मुले किती झाली?' असे विचारावे. उत्तरांत फरक पडेल. जेथे फरक पडेल, तेथे घाई न करता थांबावे. सांगणाऱ्याला रडू आले तर येऊ द्यावे. ते सांगतील ते नाव, साधारण वय आणि दुखणे त्याच दिवशी एका वहीत लिहून घ्यावे. नाव आठवत नसेल, तर 'मुलगा, दीड वर्षाचा, गोवराने' एवढे लिहिले तरी चालेल. ही माहिती कोणत्याही कचेरीत मिळणार नाही. ती त्या एका माणसाजवळच आहे आणि त्या माणसाबरोबर जाणार आहे.

आमच्या वंशावळीची एक प्रत वडिलांच्या उशाशी असते. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. त्यांची सहा वर्षांची पणती अक्षरे लावून लावून ती त्यांना वाचून दाखवते. पणजोबांच्या शेजारच्या नावाशी ती थांबली आणि "ही कोण?" म्हणून तिने विचारले. "माझी धाकटी बहीण," असे त्यांनी सांगितले. चार वर्षांची मुलगी पणजोबांची बहीण कशी, हा प्रश्न तिला पडला, आणि मग वडिलांनी तिला वेशीपर्यंत धावत जाणाऱ्या मुलीची सगळी गोष्ट सांगितली.